बर्नार्दो बेलोत्तो : नगरांचा चित्रकार आणि त्याची स्वतःची प्रतिमा

चित्रकलेचीं अंगें पुष्कळ आहेत. परंतु नगराचें चित्र आणि चित्रकारानें काढलेलें स्वतःचें चित्र हीं दोन अंगें एकमेकांपासून फार दूर आहेत असें आपण सामान्यतः समजतों. नगरचित्र काढणाऱ्यानें आपणांस विसरून जावें. भिंत, खिडकी, छप्पर, रस्ता यांच्याशींच इमान राखावें. आत्मचित्र काढणाऱ्यानें सारें जग बाजूस सारून आरशांतल्या आपल्या मुद्रेकडे पाहावें. अठराव्या शतकांत असा एक चित्रकार होऊन गेला कीं, ज्यानें आयुष्यभर पहिलें काम केलें आणि मधून मधून दुसरेंहि केलें. त्यानें काढलेलीं दोन मोठीं नगरें पुढें युद्धांत धुळीस मिळालीं, आणि त्यांतील एक नगर पुन्हां उभें करतांना त्याच्या चित्रांची साक्ष काढावी लागली. या चित्रकाराचें नांव बर्नार्दो बेलोत्तो. श्रोतेहो, आज त्याच्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

बेलोत्तो मूळचा व्हेनिसचा. त्याची आई ही सुप्रसिद्ध चित्रकार जोव्हान्नी आन्तोनियो कानाल याची बहीण. या मामाला जग “कानालेत्तो” या नांवानें ओळखतें. व्हेनिस पाहावयास येणारे धनिक इंग्रज प्रवासी परत जातांना त्या जलनगरीचीं चित्रें आठवण म्हणून घेऊन जात, आणि अशीं चित्रें पुरविण्यांत कानालेत्तोचा हात धरणारा कोणी नव्हता. भाचा कोवळ्या वयांतच मामाच्या चित्रशाळेंत शिरला; १७३८ सालीं व्हेनिसच्या चित्रकारसंघांत त्याची नोंद झाली. पुढें रोम, फ्लॉरेन्स, मिलान, तुरिन, व्हेरोना अशा शहरांतून हिंडून त्यानें आपली दृष्टि आणि आपला हात तयार केला.

त्या धंद्यांत एक उपकरण वापरण्याची चाल होती. त्याची माहिती येथें देणें जरूर आहे. एक काळोखी पेटी घेत. तिच्या तोंडाशीं भिंग असे. भिंगांतून आंत आलेला प्रकाश तिरप्या आरशावर पडून वरच्या कांचेवर फेंकला जाई, आणि समोरच्या देखाव्याची लहानशी प्रतिमा तेथें उमटे. कांचेवर पातळ कागद ठेवून ती गिरवावयाची. ऐकणाऱ्यास वाटेल, मग चित्रकाराचें असें काय राहिलें? पण या पेटीच्या आवाक्यांत एका वेळीं देखाव्याचा एक तुकडाच येतो, व कडेच्या रेषा थोड्याफार वांकतातहि. असे अनेक तुकडे जोडून, पट्टी व कंपास हातीं घेऊन, यथार्थदर्शनाच्या नियमांनीं एक अखंड नगर उभें करावें लागे. कोणती सावली लांबवावयाची, कोणता रस्ता थोडा रुंद दाखवावयाचा, हें ठरविणें तर सर्वस्वीं चित्रकाराचें काम. ही गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिची गरज लागणार आहे.

१७४७ सालीं बेलोत्तोनें व्हेनिस सोडलें, तें कायमचेंच. सॅक्सनीचा अधिपति व पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याच्या बोलावण्यावरून तो ड्रेस्डेन येथें आला. दुसऱ्याच वर्षीं त्यास दरबारी चित्रकार नेमण्यांत आलें आणि वर्षास १७५० थालर असें भरघोस वेतन ठरलें. ड्रेस्डेन तेव्हां वैभवाच्या शिखरावर होतें. जॉर्ज बेअर या वास्तुकारानें योजिलेलें फ्राउएनकिर्खे हें प्रार्थनामंदिर, घंटेच्या आकाराच्या आपल्या पाषाणी घुमटासह, १७४३ मध्यें पुरें झालें होतें. राजाचें कॅथॉलिक मंदिर अद्यापि बांधलें जात होतें. बेलोत्तोनें ड्रेस्डेनचीं चौदा आणि शेजारच्या पिर्ना गांवाचीं अकरा मोठमोठीं चित्रें राजासाठीं काढलीं. १७४८ सालच्या एका चित्रांत एल्ब नदीच्या उजव्या तीरावरून दिसणारें नगर आहे. त्यांत डावीकडे फ्राउएनकिर्खेचा घुमट, मध्यें नदीवरचा कमानींचा पूल, आणि उजवीकडे कॅथॉलिक मंदिराच्या मनोऱ्याभोंवतीं बांधलेली परांची दिसते. मामाच्या चित्रांतलें ऊन सोनेरी आणि उत्सवी. भाच्याचा उजेड थंड, रुपेरी. सावल्या गडद आणि धारदार. त्या उजेडांत प्रत्येक चिरा सुटा दिसतो.

या नगरांत चित्रकार स्वतः कोठें आहे? १७४७ सालीं, पुलाच्या वरच्या अंगानें पाहिलेल्या ड्रेस्डेनच्या चित्रांत नदीकांठीं कांहीं माणसें दाखविलीं आहेत. त्यांत बसून रेखाटन करणारा तरुण म्हणजे स्वतः बेलोत्तो, आणि त्याच्याजवळचे दोघे म्हणजे टीलं व डीट्रिख हे दरबारी चित्रकार, असें जाणते सांगतात. एवढ्या विस्तीर्ण पटांत ती आकृति अगदीं लहान आहे. न सांगतां कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. नांवाच्या बाबतींत मात्र तो इतका संकोची नव्हता. सही करतांना तो “बेलोत्तो, ऊर्फ कानालेत्तो” असें लिही. मामा त्या वेळीं हयात होता, इंग्लंडांत काम करीत होता. तरी भाच्यानें तें नांव उचललें. आणि जर्मनींत व पोलंडांत आजहि कानालेत्तो म्हटलें कीं लोकांना हा भाचाच आठवतो.

हें सुखाचें दशक फार टिकलें नाहीं. १७५६ सालीं प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक यानें सॅक्सनीवर स्वारी केली आणि सात वर्षांचें युद्ध पेटलें. राजा ऑगस्टस वॉर्साला निघून गेला. बेलोत्तोहि कांहीं काळानें व्हिएन्नाला जाऊन राणी मारिया थेरेसा हिच्यासाठीं, व मग म्यूनिक येथें, काम करूं लागला. १७६० च्या जुलै महिन्यांत फ्रेडरिकच्या तोफांनीं ड्रेस्डेनवर आग ओतली. शहराचे कित्येक भाग जळाले, आणि बेलोत्तोचें घर चीजवस्तूसह नाहींसें झालें. तो परत आला तेव्हां शहर दुबळें होऊन पडलें होतें. १७६३ सालीं युद्ध संपलें. पण त्याच वर्षीं राजा वारला, आणि त्याचा मुख्य मंत्री काउंट ब्र्यूल, जो बेलोत्तोचा दुसरा मोठा आश्रयदाता, तोहि वारला. घर गेलें, धनी गेला, आधार गेला.

अशा स्थितींत त्यानें काढलेलें एक चित्र ड्रेस्डेनच्या संग्रहांत आहे. क्रॉइत्सकिर्खे हें शहरांतलें जुनें प्रार्थनामंदिर १७६० च्या आगींत जळालें होतें, पण त्याचा मनोरा बराचसा तग धरून होता. १७६५ सालीं मनोऱ्याची एक बाजू कोसळली, आणि त्याच वर्षीं बेलोत्तोनें तें भग्न मंदिर रंगविलें. मनोरा वरपासून खालपर्यंत चिरला गेला आहे. आंतले मजले व कमानी उघड्या पडल्या आहेत. पायथ्याशीं दगडांचा डोंगर आहे. मजूर कामाला लागले आहेत आणि बघ्यांची गर्दी जमली आहे. आकाशांत कोठें भयसूचक ढग नाहीं, कोणी ऊर बडवीत नाहीं. उजेड तोच स्वच्छ, रेषा तीच नेमकी. ज्या हातानें सतरा वर्षांपूर्वीं मनोऱ्याभोंवतींची परांची टिपली, त्याच हातानें आतां भगदाड टिपलें. याच आगींत आपलें घर गेलें याचा एक शब्दहि चित्रकार काढीत नाहीं. दुःखाचें प्रदर्शन करण्यापेक्षां दुःखाचें कारण जसेंच्या तसें नोंदून ठेवणें हें त्यास आपलें काम वाटलें असावें.

परंतु याच सुमारास त्यानें एक अगदीं निराळें चित्रहि काढलें, आणि माझ्या मतें बेलोत्तोचें मन समजण्यास हें दुसरें चित्र पहिल्याइतकेंच आवश्यक आहे. तें नगर कोठल्याहि नकाशांत सांपडणार नाहीं. भव्य स्तंभ, उंच कमानी, पायऱ्या, पुतळे असा कल्पनेंतला एक राजवाडा, आणि त्याच्या पुढल्या भागीं व्हेनिसच्या सरदाराचा तांबडा झगा ल्यालेला एक रुबाबदार पुरुष. हा पुरुष म्हणजे स्वतः बेलोत्तो. जवळच एका लिखित पत्रकावर होरेस या लॅटिन कवीचें वचन आहे. चित्रकाराला कवीप्रमाणेंच कल्पनेची मोकळीक आहे, असा त्याचा आशय. व्हेनिसमध्यें असा झगा घालण्याचा मान उमरावांच्या कुळांनाच होता. बेलोत्तोला जन्मानें तो मुळींच नव्हता. ड्रेस्डेनमध्यें तर १७६४ सालीं स्थापन झालेल्या नव्या कलाविद्यालयांत त्यास यथार्थदर्शन शिकविण्याचें साधें काम, पूर्वीच्या मानानें तुटपुंज्या वेतनावर, पत्करावें लागलें होतें. नगरदृश्यें काढणारा म्हणजे केवळ नक्कल करणारा, असें म्हणणारी नवी अभिरुचि वाढूं लागली होती. त्या तांबड्या झग्यांत तिला दिलेलें उत्तर आहे. ज्याचें घर जळालें त्यानें रंगांत राजवाडा बांधला. ज्याचा दर्जा गेला त्यानें रंगांतच तो आपणांस बहाल केला. दुसऱ्यांच्या घरांविषयीं सत्य सांगणाऱ्या या माणसानें स्वतःविषयीं मात्र कल्पनेचा आश्रय घेतला.

१७६६ च्या अखेरीस त्यानें ड्रेस्डेन सोडलें. रशियाच्या कॅथरीन राणीच्या दरबारीं जावें असा त्याचा बेत होता. पण वाटेंत वॉर्सा येथें पोलंडचा नवा राजा स्तानिस्लाव ऑगस्ट पोन्यातोव्स्की यानें त्याला ठेवून घेतलें. १७६८ सालीं तो तेथें दरबारी चित्रकार झाला व १७८० सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिला. या काळांत त्यानें वॉर्साचीं सव्वीस दृश्यें काढलीं. त्यांतील बावीस राजवाड्याच्या एका दालनांत लावण्यासाठीं होतीं, आणि तें दालन आज “कानालेत्तोचें दालन” म्हणूनच ओळखलें जातें. हा काळ कसला होता हें ध्यानांत घेतलें पाहिजे. १७७२ सालीं रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनीं पोलंडचे लचके तोडले. १७९३ व १७९५ सालच्या आणखी दोन फाळण्यांनीं तें राज्य नकाशावरून पुसलें गेलें. चहूंकडून घेरलेल्या राजानें आपल्या राजधानीची अशी सविस्तर नोंद करवून घेतली. या चित्रांत वाडे व मंदिरें तर आहेतच. शिवाय उमरावांच्या गाड्या, भाजी विकणाऱ्या बायका, साधु, भिकारी, यहुदी व्यापारी, चिखलाचे रस्ते, सारें कांहीं आहे.

या मालिकेंतील १७७० सालचें एक चित्र फार मोठें आहे. लांबी अडीच मीटरांहून अधिक. व्हिस्तुला नदीच्या पलीकडे प्रागा नांवाचें उपनगर आहे, तेथून सारें वॉर्सा क्षितिजावर पसरलेलें दिसतें. या चित्राच्या पुढल्या भागांत बेलोत्तो पुन्हां भेटतो, आणि येथें तो चित्रफलकापुढें बसून समोरचें नगर रंगवीत आहे. कल्पनेंतला राजवाडा गेला. काम करणारा कारागीर उरला. त्याच वर्षीं त्याचा पुत्र आणि मदतनीस लोरेन्झो मरण पावला, ही गोष्ट ठाऊक असल्यावर या चित्रापुढें आपण थोडे अधिक वेळ उभे राहतों.

बेलोत्तोच्या पश्चात् त्याच्या चित्रांचा प्रवासहि त्याच्यासारखाच झाला. नेपोलियनच्या काळीं कांहीं चित्रें पॅरिसला गेलीं व परत आलीं. पोलिश उठावाचा बीमोड झाल्यावर १८३२ सालीं झार पहिला निकोलस यानें तीं रशियांत नेलीं. १९२१ च्या रीगा येथील तहानंतर तीं पुन्हां वॉर्सास पोंचलीं. १९३९ सालीं नाझी सैन्य आलें. त्या वर्षींच्या १७ सप्टेंबरला तोफांच्या माऱ्यानें राजवाडा पेटला. स्तानिस्लाव लोरेन्ट्झ या वस्तुसंग्रहालयाच्या संचालकानें आपल्या सहकाऱ्यांसह जिवावर उदार होऊन त्यांतील कलावस्तु व नक्षीकामाचे तुकडे बाहेर काढले. चित्रें मात्र जर्मनांनीं नेलीं, तीं युद्धानंतर परत मिळालीं. १९४४ च्या १ ऑगस्टला वॉर्सानें उठाव केला. तो ६३ दिवस चालला. शरणागतीनंतर जर्मनांनीं रिकाम्या केलेल्या शहरांत घरामागून घर जाळलें, सुरुंग लावून उडविलें. राजवाडाहि असाच उडविण्यांत आला. व्हिस्तुलेच्या डाव्या तीरावरील शहराचा चार-पंचमांशाहून अधिक भाग नष्ट झाला. आणि १९४५ च्या फेब्रुवारींत, १३ पासून १५ तारखेपर्यंत, इंग्रज व अमेरिकन विमानांनीं ड्रेस्डेन जाळलें. फ्राउएनकिर्खेचा घुमट १५ तारखेस खालीं आला. बेलोत्तोचीं दोन्ही नगरें अवघ्या कांहीं महिन्यांच्या अंतरानें संपलीं.

ज्या देशाची ही राजधानी, त्या देशाचीं माणसें त्याच वेळीं महाराष्ट्रांतहि आश्रयास होतीं. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया व मुलें, वसाहत करून राहिले होते. वॉर्साच्या विध्वंसाची वार्ता त्यांनीं पंचगंगेच्या कांठीं ऐकली.

१९४५ सालीं राजधानीच्या पुनर्रचनेसाठीं स्वतंत्र कचेरी उघडण्यांत आली; जुन्या वास्तूंच्या कामाचें नेतृत्व यान झाख्वातोविच या वास्तुकाराकडे होतें. बेलोत्तोच्या चित्रांवरून वॉर्सा पुन्हां बांधलें, असें पुष्कळदां सांगतात. तें पूर्ण खरें नाहीं. जुन्या गांवांतील घरांसाठीं मुख्य आधार होता तो वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनीं युद्धापूर्वीं व युद्धांत केलेल्या मोजणीच्या आराखड्यांचा. ते आराखडे शहराबाहेर नेऊन प्योत्रकूव येथील मठांत लपविले होते. छायाचित्रांचीहि मदत झाली. बेलोत्तोची साक्ष मुख्यतः कामास आली ती राजवाड्यापासून निघणाऱ्या राजमार्गावरील वाडे आणि म्योदोव्हा रस्त्यासारखे भाग यांसाठीं. एकोणिसाव्या शतकांत वाड्यांवर चढविलेले मजले, बदललेलीं दर्शनी अंगें पुनर्रचना करणाऱ्यांनीं कित्येक ठिकाणीं वगळलीं आणि अठराव्या शतकांतलें रूप पसंत केलें. जुन्या गांवाचें काम बहुतांशीं १९५३ पर्यंत झालें. राजवाडा बांधण्याचा निर्णय मात्र १९७१ सालीं झाला आणि १९८४ सालीं तो लोकांस खुला होऊन बेलोत्तोचीं चित्रें आपल्या दालनांत परत गेलीं.

आतां त्या काळोख्या पेटीविषयीं मीं आरंभीं जें सांगितलें त्याचें स्मरण करावें. बेलोत्तोनें नगर टिपतांना निवडहि केली होती. प्रमाणें थोडीं बदललीं होतीं, कोठें रस्ता रुंदावला होता. वॉर्साकरांनींहि तेंच केलें. १९३९ सालचें शहर जसें होतें तसें त्यांनीं उभारलें नाहीं. आपण कसें दिसावें असें त्यांस वाटलें तसें उभारलें. मग हें नगर खरें कीं खोटें? संयुक्त राष्ट्रांच्या सांस्कृतिक संस्थेनें १९८० सालीं या पुन्हां बांधलेल्या जुन्या गांवाला जागतिक वारशांत स्थान दिलें. मला वाटतें, हें नगर म्हणजे वॉर्सानें काढलेलें आत्मचित्र आहे. घर जळालेल्या चित्रकारानें तांबडा झगा पांघरला, त्यांत जी जिद्द होती तीच या वाड्यांच्या दर्शनी भिंतींत आहे. आमचें सर्वस्व गेलें तरी आमची प्रतिमा तुम्ही ठरवूं शकत नाहीं, असें त्या भिंती सांगतात.

पण आत्मचित्राची एक मर्यादा असते, तीहि विसरून चालणार नाहीं. बेलोत्तोच्या रस्त्यांवर यहुदी व्यापारी चालत होते. युद्धापूर्वीं वॉर्साच्या वस्तींत सुमारें एक-तृतीयांश लोक यहुदी होते. १९४२ सालीं त्यांतील लाखों लोकांना ट्रेब्लिंका येथें नेऊन मारलें, आणि १९४३ च्या वसंतांत उरलेल्यांचा उठाव चिरडून त्यांची वस्ती जमीनदोस्त केली. वाड्याची कमान चित्र पाहून पुन्हां बांधतां आली. तिच्याखालून जाणारा माणूस बांधतां आला नाहीं. तो आतां चित्रांतच उरला आहे.

ड्रेस्डेनचें फ्राउएनकिर्खे जवळजवळ पन्नास वर्षें दगडांचा ढीग होऊन पडलें होतें. २००५ सालीं तें पुन्हां उभें राहून समर्पित झालें. एल्बच्या उजव्या तीरावरील ज्या जागेवरून १७४८ चें चित्र घेतलें, तेथून दिसणाऱ्या देखाव्याला ड्रेस्डेनकर “कानालेत्तोचें दृश्य” म्हणतात. नगरें काढणाऱ्या त्या माणसाचें, उसनें कां होईना, नांव त्या नगराशीं कायमचें जोडलें गेलें आहे. झग्यांतल्या प्रतिमेनें जो मान मागितला होता तो त्याला अखेर मिळाला. पण झग्यामुळें नव्हे. भगदाडापुढें बसूनहि ज्याची रेषा हलली नाहीं, त्या हाताला तो मिळाला.